उलटविलेला कोट : जुन्या सुटांचे जतन आणि वस्त्राची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, हस्तलिखिते आणि प्रवाशांची वर्णने आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. मनुष्याने अंगावर घातलेले वस्त्र मात्र या यादीत सहसा येत नाही. याचे एक कारण उघड आहे. दगड टिकतो, धातू टिकतो. कापड कुजते, विरते, कसर त्याला खाऊन टाकते. दुसरे कारण आमच्या मते अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांची वस्त्रे जतन झाली ते बहुधा राजे आणि सरदार होते. ज्यांना वस्त्रासाठी झगडावे लागले त्यांची वस्त्रे अंगावरच झिजली, आणि उरली ती बोहारणीच्या टोपलीत गेली. म्हणून ज्या समाजाच्या इतिहासात वस्त्र हा संघर्षाचा विषय होता, त्याच समाजाजवळ वस्त्राचा पुरावा सर्वांत थोडा शिल्लक आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही पुरुषांच्या जुन्या सुटांचा संग्रह व त्यांची दुरुस्ती या विषयाचा विचार करणार आहोत. पालीच्या अभ्यासकाने हा विषय का हाती घ्यावा, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर पुढील विवेचनात मिळेल अशी आशा आहे. प्रारंभ मात्र घरातील एका ट्रंकेपासून करावा लागेल.

१. ट्रंकेतील कोट

आमचे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. इंग्रज अधिकारी देश सोडून गेले त्या सुमारास, म्हणजे १९४७ साली, त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक लोकरी सूट विकत घेतला. कोट, पाटलोण आणि वास्कट असे तिन्ही कपडे होते. आजोबांच्या पश्चात ते एका ट्रंकेत पडून राहिले. पाटलोण केव्हातरी बोहारणीला दिली गेली आणि तिच्या बदल्यात स्टीलचे एक पातेले घरात आले. वास्कट आम्हीच, अज्ञानाने, एका लाँड्रीत दिली. ती स्वच्छ होऊन आली खरी. परंतु तिचे फाटलेले अस्तर काढून तेथे चकचकीत कृत्रिम धाग्याचे नवे अस्तर लावण्यात आले होते. जुन्या अस्तरावर काही अक्षरे असलेली एक पट्टी होती, असे घरातील वडीलधाऱ्यांना आठवते. ती पट्टी अस्तराबरोबर केरात गेली. दोष लाँड्रीवाल्याचा नव्हता. काय राखावयाचे हे आम्हीच त्याला सांगितले नव्हते.

उरला कोट. तो आम्ही एका वयोवृद्ध टेलरमास्तरांना दाखविला. त्यांनी तो हातात घेताच विचारले, "याचा वरचा खिसा उजव्या बाजूला कसा?" पुरुषांच्या कोटाचा छातीवरील खिसा डाव्या बाजूला असतो. आम्ही तो शिंप्याचा दोष समजत होतो. मास्तरांनी काजांच्या जागा उजेडात धरून दाखविल्या. एका कडेची जुनी काजे बारीक रफू करून बुजविलेली होती आणि दुसऱ्या कडेला नवी पाडलेली होती. हा कोट उलटविलेला होता. पूर्वी चांगले लोकरी कापड वरून झिजले, त्याचा रंग उडाला, की शिंपी संपूर्ण कोट उसवीत, प्रत्येक तुकडा आतून बाहेर करीत आणि पुन्हा शिवीत. आतील बाजू नवी निघे; पण डावे उजवीकडे जाई. खिशाची जागा बदले ती त्यामुळे.

मास्तरांनी अस्तराची एक शिवण हलकेच उसवली. आत पूर्वीची दर्शनी बाजू होती : उन्हाने फिकटलेली, कोपराशी घासलेली. आतल्या खिशात शिवलेल्या एका पट्टीवरील नाव पुसले गेले होते; शाईने लिहिलेले साल तेवढे वाचता येत होते, १९३८. बाह्या आखूड केल्या होत्या, परंतु कापून टाकल्या नव्हत्या. कापड आत दुमडून माया राखली होती. पाठीची शिवण मात्र सैल केली होती. म्हणजे पहिला मालक उंच व सडपातळ होता आणि दुसरा बुटका व खांद्यांनी रुंद. दोन माणसांची शरीरे, दोन आयुष्ये आणि एका साम्राज्याचा शेवट एवढा ऐवज त्या एका कोटात होता.

पुढे जुन्या कपड्यांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी तो पाहून सांगितले की, फेरफार केलेल्या कोटाला संग्राहकांच्या लेखी मोल नाही. मूळ रूपात असता तर गोष्ट वेगळी होती. या एका वाक्याने आम्हाला विचार करावयास भाग पाडले. मूळ रूप कोणते? १९३८ चे, की १९४७ चे?

२. सूट : एका वेषाचा प्रवास

कोट, पाटलोण आणि वास्कट एकाच कापडातून शिवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. लांब फ्रॉक कोट हा तेव्हा प्रतिष्ठितांचा वेष होता. आखूड कोटाचा सूट हा फावल्या वेळेचा साधा पोषाख मानला जाई. पहिल्या महायुद्धानंतर हाच साधा पोषाख सर्वमान्य झाला. लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरील शिंपी श्रीमंतांचे सूट हाताने शिवीत. हेन्री पूल यांची पेढी १८०६ पासूनची आहे. दुसरीकडे लिथुआनियातून आलेले एक ज्यू स्थलांतरित, माँटेग्यू बर्टन, यांनी लीड्स येथे प्रचंड कारखाना उभारून कामगाराच्या मापाचा सूट त्याला परवडेल अशा किमतीत देण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्या कारखान्यात सुमारे १०,००० माणसे काम करीत. रविवारी सूट घातलेला खाणकामगार आणि सूट घातलेला मालक दुरून सारखे दिसू लागले. विषमता संपली नाही. परंतु वस्त्रावरून माणसाची पायरी ओळखणे कठीण झाले, ही लहान गोष्ट नव्हे.

ही सारखेपणाची शक्यता ज्यांना सहन होत नाही ते वस्त्रावर हल्ला करतात. अमेरिकेत १९४० च्या सुमारास कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी रुंद खांद्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा कोट आणि घोट्याशी निमुळती होणारी ढगळ पाटलोण असा वेष स्वीकारला. त्यास झूट सूट म्हणत. युद्धकाळात लोकरीच्या वापरावर निर्बंध आले आणि हा वेष देशद्रोहाचे चिन्ह ठरविण्यात आला. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरात गोऱ्या खलाशांनी व सैनिकांनी या तरुणांना रस्त्यात गाठून मारहाण केली आणि अंगावरचे सूट फाडून काढले. त्या काळातील झूट सूट आज अत्यंत दुर्मिळ आहेत. लॉस एंजेलिस येथील कलासंग्रहालयाला आपल्याच शहराच्या इतिहासातील या वस्त्राचा नमुना मिळविण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

३. उतरलेले वस्त्र आणि निवडलेले वस्त्र

आपल्या देशात वस्त्रावरील बंधन रस्त्यावरच्या दंगलीपुरते नव्हते; ते शास्त्राने घातलेले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत आणि शूद्र सेवकाला जीर्ण वस्त्रे द्यावीत, अशी व्यवस्था सांगितली आहे. ही व्यवस्था ग्रंथात राहिली नाही. इंदूर संस्थानातील गावांमध्ये सवर्णांनी बलाई समाजावर घातलेल्या अटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या न झालेल्या भाषणात नमूद केल्या आहेत. जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत वा नक्षीदार काठांचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, अशा त्या अटी होत्या. हे वृत्त जानेवारी १९२८ मधील आहे. त्याच्या अगदी थोडे आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत व दागिने टाकून देण्यास सांगितले होते. वस्त्र हीच ओळख लादणारी बेडी आहे, हे त्यांनी नेमके हेरले होते.

बाबासाहेबांना हे बालपणीच कळले होते. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या मुलांसाठी नवे सदरे, टोप्या आणि रेशीमकाठी धोतरे घेण्यात आली होती. मसूरच्या स्टेशनमास्तरांनी वेषावरून त्यांना उच्चवर्णीय मानले आणि जात कळताच त्यांची मुद्रा पालटली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग आला आहे. चांगल्या वस्त्राने जात नष्ट होत नाही, हे त्या बालकाला तेथे समजले. तरीही पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून आलेल्या बाबासाहेबांनी आयुष्यभर नीटनेटका सूट घातला. गोलमेज परिषदेतही ते त्याच वेषात वावरले. ज्यांनी भरपूर वस्त्रे असताना ती त्यागली त्यांचा त्याग आणि ज्यांना वस्त्र नाकारले गेले त्यांनी ते धारण करणे, या दोन्ही राजकीय कृती होत्या. परंतु त्यांचे अर्थ एकमेकांहून भिन्न होते.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुना सूट म्हणजे बहुधा दुसऱ्याने वापरलेला, पुष्कळदा मेलेल्या माणसाचा सूट. ज्या समाजावर उतरलेली वस्त्रे लादली गेली, त्याने अशा वस्त्राचे कौतुक का करावे? आमच्या आजीला त्या कोटाविषयी नेहमी संकोच वाटे, तो याचमुळे असावा.

याचे उत्तर आम्हाला विनयपिटकात सापडले. पांसुकूल चीवर म्हणजे उकिरड्यावर वा स्मशानात टाकलेल्या चिंध्यांचे चीवर. स्मशानातील वस्त्र मनूने चांडाळावर लादले; भिक्खू तेच स्वतःच्या इच्छेने उचलतो, धुतो, कापतो, शिवतो आणि रंगवितो. शाक्य राजपुत्र, उपाली न्हावी आणि सुनीत सफाईवाला हे सर्व संघात एकच चीवर धारण करीत. कापड तेच, परंतु लादणे आणि स्वीकारणे यांतील अंतराने त्याचा अर्थ समूळ बदलला. संयुत्तनिकायात महाकस्सपांनी आपली संघाटी भगवंतांना देऊन त्यांची जीर्ण झालेली तागाची पांसुकूल चीवरे घेतल्याचा प्रसंग आहे. महाकस्सपांनी ती पेटीत ठेवली नाहीत, अंगावर घातली.

आजोबांनी तो सूट कोणाच्या ओसरीवर हात पसरून घेतला नव्हता. पगाराच्या पैशांतून घेतला, उसवला, उलटविला आणि स्वतःच्या मापाचा करून घेतला. साहेबाच्या अंगाने झिजलेली बाजू आत गेली आणि नवी बाजू बाहेर आली. तो कोट ते दर १४ एप्रिलला घालीत. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला जाताना मात्र त्यांनी पांढरी वस्त्रे नेसली आणि कोट ट्रंकेतच ठेवला, असे आजी सांगे. म्हणून ज्यास व्यापारी फेरफार म्हणतो, तोच आमच्या मते या कोटाचा इतिहास आहे.

४. विनयातील दुरुस्ती

चीवराच्या दुरुस्तीविषयी महावग्गातील चीवरक्खन्धक हा प्रकरणभाग पाहण्याजोगा आहे. ठिगळ, रफू आणि झिजलेला भाग बळकट करणे यांसाठी तेथे अग्गळ, तुन्न, दळ्हीकम्म अशा स्वतंत्र संज्ञा आहेत. मगधातील भातखाचरांच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून चीवराचा नमुना आनंद स्थविरांनी तयार केला, त्याची हकीकतही तेथेच आहे. चुल्लवग्गात सुई, सुईची डबी, बोटाला टोचू नये म्हणून घालावयाचे टोपण आणि शिवणासाठी कापड ताणून धरणारी कठिनाची चौकट यांचे नियम आहेत. दुरुस्ती ही लाजेची बाब नव्हे, ती शील आहे, हा या नियमांचा गाभा होय.

परंतु विनय संग्रहाच्या बाजूचा नाही, हेही सांगितले पाहिजे. अतिरिक्त चीवर दहा दिवसांपेक्षा अधिक काळ बाळगणे हा भिक्खूचा दोष आहे. राजा उदेनाने एवढ्या चीवरांचे काय करता असे विचारले, तेव्हा आनंदांनी जो क्रम सांगितला तो प्रसिद्ध आहे : जीर्ण चीवराची अंथरुणावरची चादर, तिची गादीची खोळ, खोळीचे जमिनीवरचे आच्छादन, त्याचे पायपुसणे, त्याचे झाडण्याचे फडके आणि अखेरीस ते कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपणे. इंग्लंडमध्ये बॅटली येथे १८१३ पासून जुनी लोकर पिंजून नवे कापड विणण्यात येऊ लागले, आणि आज पानिपत येथे देशोदेशींच्या टाकाऊ लोकरी कपड्यांचे तेच होते. तेथे व्यापार आहे, संघात अपरिग्रह होता. पण कापड वाया जाऊ न देण्याची रीत तीच.

मग जुने सूट जमविणे ही आसक्ती नव्हे काय? आम्ही असा विवेक करतो : जे वस्त्र उपयोगाचे आहे ते गरजूने वापरावे, त्याला कपाटात कोंडू नये. जे वस्त्र साक्षीदार आहे ते मात्र सर्वांच्या मालकीचे समजून राखावे. शंभर सूट बाळगणारा संग्राहक पहिल्या नियमाचा भंग करतो. एकुलता एक पुरावा बोहारणीला देणारे आम्ही दुसऱ्याचा.

५. कोट वाचावा कसा, राखावा कसा

जुन्या सुटाचा काळ ठरविण्याच्या काही खुणा अभ्यासकाला उपयोगी पडतात. चांगला शिंपी आतल्या खिशात ग्राहकाचे नाव व तारीख लिहिलेली पट्टी शिवीत असे. पाटलोणीला पुढे बटणे असणे ही जुनी रीत. चेन १९३० नंतरच्या दशकात आली. इंग्लंडमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग होते. १९४२ च्या निर्बंधांनी पाटलोणीच्या पायघडीलाही बंदी घातली होती. छातीचा भाग दोन बोटांत धरून चोळून पाहावा. वरचे कापड आणि आतील कॅनव्हास एकमेकांवरून सरकले तर ते हजारो बारीक टाक्यांनी जोडलेले आहे. न सरकल्यास बहुधा डिंकाने चिकटविलेले आहे. ही चिकटविण्याची पद्धत १९६० नंतर फैलावली.

दुरुस्तीच्या बाबतीत आम्ही अनुभवातून शिकलो ते असे. प्रथम छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक डाग, रफू व ठिगळ लिहून काढावे. पाण्यात बुडवू नये. लोकर आटते आणि आतला कॅनव्हास वेडावाकडा होतो. मऊ ब्रशाने कापडाच्या ओघाने धूळ काढावी. कसरीची अळी लोकरीवरच जगते. तिच्यासाठी कोट जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तो घराच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. त्यांची वाफ माणसाला अपायकारक असते आणि प्लॅस्टिकची बटणे बिघडविते. तीव्र उन्हात घालू नये, रंग उडतो. ठेवताना धुतलेल्या मांजरपाटाची पिशवी करावी, हँगरवर कापूस गुंडाळून खांदा रुंद करावा. अस्तर फारच विरले असेल तर ते काढू नये, मागे पातळ कापडाचा आधार देऊन टाके घालावेत. घातलेला प्रत्येक टाका उद्या उसवता आला पाहिजे. आणि जेथे झिजले तेथे झिजलेलेच दिसू द्यावे.

६. निळा रंग

हे सर्व सांगण्याचा हेतू केवळ घरगुती नाही. बाबासाहेबांच्या वापरातील कपडे व वस्तू आज काही ठिकाणी जतन केलेल्या आहेत. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात वामनराव गोडबोले यांच्या परिश्रमांतून संग्रह उभा राहिला. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेब आंबेडकरांनी दिलेल्या वस्तू आहेत. ते १९९६ साली सुरू झाले. गावोगावच्या पुतळ्यांनी बाबासाहेबांचा सूट निळा करून टाकला आहे. त्या निळ्या रंगामागे लोकांचे प्रेम आहे आणि त्याला आमचा आक्षेप नाही. तथापि त्यांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. करडा कोणता, तपकिरी कोणता, कापड जाड की पातळ, कोपर झिजले होते का, पुस्तके व कागद कोंबून खिसा ओघळला होता का, हे छायाचित्र सांगत नाही, पुतळा तर मुळीच सांगत नाही. ते फक्त कापड सांगते. उद्या कोणी भक्तिभावाने त्या कोटांना नवे अस्तर लावले, झीज झाकली, रंग उजळला, तर आपण एक दर्शनीय वस्तू मिळवू आणि एक साक्षीदार गमावू. बाबासाहेबांनी आपल्याला मूर्तिपूजा शिकविली नाही, पुरावा तपासणे शिकविले.

आणि पुरावा संग्रहालयातच असतो असे नाही. मिलिंद महाविद्यालयात प्रवेश घेताना शिवलेला पहिला कोट, रेल्वेतील नोकरीच्या मुलाखतीसाठी मित्राकडून आणलेला व परत न केलेला सूट, दीक्षेनंतरच्या पहिल्या बौद्ध विवाहात वराने घातलेला कोट : ही वस्त्रे आजही अनेक घरांच्या पेट्यांत असतील. ती घालणारी पिढी झपाट्याने निघून जात आहे. विहारातील एखाद्या रविवारी वडीलधाऱ्यांना आपापली पेटी उघडावयास सांगावे. कोट कोणाचा, कोठे शिवला, किती पैसे पडले, तो घालून बाहेर पडल्यावर गावात काय झाले, हे लिहून घ्यावे आणि तो कागद कोटाच्या पिशवीतच ठेवावा. यास पैसा फारसा लागत नाही; मांजरपाट, सुई-दोरा आणि एक वही पुरते.

आजोबांच्या कोटाचा खिसा आम्ही उजवीकडेच ठेवला आहे. मास्तरांनी पाठीची उसवू लागलेली शिवण तेवढी पुन्हा घातली, तीही आजोबांच्या मापावर. अस्तराची उसवलेली कड मात्र शिवू दिलेली नाही; ती कच्च्या टाक्यांनी बंद केली आहे. कोणाला आतली बाजू पाहावयाची असेल, तर टाके काढून दाखविता येते.